उपरण्याखाली धरलेली चार बोटं

मास्तर, तुम्ही मला फसवलंत. आणि आपण दोघांनी मिळून माझ्या वसंताला फसवलं.

बोर्डिंगातली जुनी मुलं परवा दुकानात आली होती. तुमच्या आठवणींची चोपडी छापणार आहेत म्हणे. "शेट, तुमचे चार शब्द हवेत. तुम्ही नसतात तर आम्हाला डोक्यावर छप्पर नव्हतं." मी बरं म्हटलं. चार चांगले शब्द त्यांना गावात कोणीही देईल. माझ्यापाशी जे आहे ते मी लिहितो. छापायचं की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं. पण मधलं काही गाळून छापलेलं मला खपणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुमचा तेरावा काल झाला. जेवायला पंगतीत बसलो आणि उठलो. पानात काय होतं ते आठवत नाही.

आपली ओळख भांडणाने झाली, ते तरी तुम्हाला आठवत होतं का? मी तेव्हा मांडवीच्या धक्क्यावर करंड्या वाहणं नुकतंच सोडलं होतं आणि बाजारात फळकुटं ठोकून आंब्याचं दुकान टाकलं होतं. तुम्ही आलात. अंगात काळा कोट, हातात छत्री. डझनाचा भाव विचारलात. मी नेहमीप्रमाणे दुप्पट सांगितला. तुम्ही पैसे काढून फळीवर ठेवलेत आणि आंबे पिशवीत भरायला लागलात. भाव न करता माल उचलणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. मला तो अपमान वाटला. तुम्ही बाजाराच्या टोकाला पोचलात तेव्हा मी मागून धावत आलो.

"अहो मास्तर, मी दुप्पट सांगितला होता."

"असेल."

"मग तुम्ही कमी का नाही केलात?"

"तू सांगितलास तो भाव, मी दिला. तू खोटा सांगितला असशील तर ते तुझं तू निस्तर."

मी भर बाजारात तुमच्यावर ओरडलो. मला चोर ठरवता काय, म्हणून. आणि ओरडता ओरडता आणखी सहा आंबे तुमच्या पिशवीत कोंबले. तुम्ही हसलात. म्हणालात, "शिंच्या, फुकट देताना सुद्धा भांडतोस."

तेव्हापासून, गावाला मी नारायणशेट झालो तरी, मला नारोबा म्हणणारे तुम्ही. बाजारात मला नारोबा म्हणायची छाती दुसऱ्या कोणाची नव्हती.

माझा धंदा एका गोष्टीवर उभा आहे: पहिला शब्द कधी खरा नसतो. विकणारा वाढवून सांगतो, घेणारा पाडून मागतो, आणि खरा भाव मध्ये कुठेतरी असतो. मुंबईच्या बाजारात हापूसचा सौदा तर तोंडाने करतच नाहीत. हातावर रुमाल टाकतात आणि खालून एकमेकांची बोटं धरतात. जितकी बोटं तितका भाव. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. मी तिथेच शिकलो. तुम्ही मात्र पहिलाच शब्द शेवटचा म्हणून सांगायचात. तुमच्या ओटीवर दर रविवारी सकाळी जो बाजार भरायचा तो याच एका गोष्टीवर चालायचा.

मराठी सातवीची फायनल पास झालेला पोरगा घेऊन बाप यायचा. "मास्तर, पुढे काय करू याचं?" पोरगा कुणब्याचा असो, भंडाऱ्याचा असो, राजिवड्यावरच्या मुसलमानाचा असो, महारवाड्यातला असो, तुमची चटई एकच. कितीतरी बाप त्या चटईवर टेकायला लागू नये म्हणून अंगणातच उभे राहायचे. खोटं कशाला सांगू, पहिल्या खेपेला मीही उभाच होतो. तुम्ही कोणाला बसा म्हणाला नाहीत आणि कोणाला ऊठ म्हणाला नाहीत.

आणि सल्ला कधी त्या दिवशी द्यायचा नाहीत. "आधी तुझं घर बघतो," म्हणायचात. मग पुढल्या सुटीत तुम्ही पायी नाहीतर पडावातून त्या घरी जायचात. घाटाखालच्या वाडीत, खाडीपलीकडे, कुठेही. मिळेल ते पाणी प्यायचात. तुमच्या भाऊबंदांनी त्यावरून तुम्हाला वाळीत टाकलं, तर म्हणालात, "बरं झालं, आता दर सणाला बोलावणी करायला नकोत." त्या घरात गेल्यावर तुम्ही बापाशी हवापाण्याच्या गोष्टी करायचात आणि खरं ते आईला विचारायचात. मी एकदा विचारलं, असं का? तुम्ही म्हणालात, "बाप आपली राहून गेलेली हौस सांगतो रे. पोरगा कसा आहे ते आवशीला ठाऊक असतं."

जयगडच्या हुसेनच्या वेळी मी तुमच्याबरोबर होतो, माझं तिकडे काम होतं म्हणून. त्याचा बाप, चुलते, आजा सगळे दर्यावरचे. पोराला खलाशी करायचं हे पोर जन्मायच्या आधीच ठरलेलं. त्याच्या आईने दाराआडून हळूच सांगितलं की पोरगा खाडी ओलांडताना सुद्धा पडावात ओकतो, आणि लाजेने कोणाला सांगत नाही. मात्र घरात कोणाच्या हाताला गळ लागो, पाय कापो, मलमपट्टी तोच करतो, आणि त्याच्या हाताला रक्ताची भीती नाही. तुम्ही बाहेर येऊन बापाला सांगितलंत, "याला दवाखान्यात कंपाउंडर करा."

बाप उसळला. "मास्तर, सात पिढ्या आम्ही पाण्यावर!"

"मग आठवी जमिनीवर उतरू दे. तुम्ही परत याल तेव्हा औषध द्यायला कोणी नको काय?"

हुसेन आज चिपळूणला दवाखान्यात आहे. तुमची बातमी कळल्यावर मिळेल त्या मोटारीने आला, आणि तरीही घाटवळणांवर दोनदा ओकला म्हणाला. रडता रडता हसत सांगत होता.

आणि शिवराम. महारवाड्यातल्या पोराने पलटणीत जायचं, हे सगळ्यांच्या मते ठरलेलं. त्याला शिंपी व्हायचं होतं. लोक म्हणाले, त्याच्या हातात कापड देणार कोण? तुम्ही तुमच्या कोटाचं कापड दिलंत. त्याच्या हातचा पहिला कोट, एक बाही दोन बोटं आखूड. तो कोट तुम्ही नऊ वर्षं घातलात. इन्स्पेक्टर शाळा तपासायला आला तेव्हाही तोच. मी म्हटलं, "मास्तर, आता तो चांगला शिवतो, दुसरा शिवून घ्या." तुम्ही म्हणालात, "हा फाटल्यावर." तुम्हाला नेलं त्या दिवशी तो कोट खुंटीवर होता. आखूड बाहीची कड आतून रफू केलेली मी पाहिली. तुम्ही तो फाटू दिलाच नाहीत.

अशी तुमची ख्याती. मास्तरांचा अंदाज चुकत नाही, असं सगळं गाव म्हणायचं. माझी तक्रार तिथेच सुरू होते.

वसंता तेरा वर्षांचा असताना त्याने माझ्या दुकानातला काटा उकलला. मी जेवायला घरी गेलो होतो. परत येतो तो पारडी, साखळ्या, दांडी सगळं जमिनीवर मांडलेलं, आणि हा मध्ये बसून दांडीची मधली खीळ घासतोय. मला म्हणाला, "बाबा, काटा खोटा झाला होता. मी सरळ केला." चार गिऱ्हाइकं ऐकत होती. काटा कुठल्या बाजूला झुकत होता हे मी इथे लिहीत नाही, गावाला ठाऊक आहे. मी त्याच्या मुस्काटात मारली. त्याने रडता रडता काटा जुळवून परत टांगला, आणि तो असा जुळवला की आजतागायत त्याला हात लावावा लागला नाही.

तुमच्या कानावर गेलंच. मी त्याला घेऊन ओटीवर आलो आणि म्हटलं, "मास्तर, याला वकील करायचाय," तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. "नारोबा, तुझाच काटा ज्याने सरळ केला तो पोरगा वकील कसा होईल?"

अंगणात उभे असलेले बापही हसले. मी नाही हसलो.

मला वकील का हवा होता ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही माझ्या घरी आलात, वसंताच्या आईशी बोललात, पण बापाला विचारायचं नाही ही तुमची रीत. मग आता ऐका. एका सालाला मी मुंबईला आगबोटीने पेट्या पाठवल्या. बोट रखडली, माल सडला. मी ऑफिसात भांडायला गेलो. तिथल्या कारकुनाने इंग्रजी कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, यात लिहिलंय की नुकसानीला आम्ही जबाबदार नाही, खाली तुमचा अंगठा आहे. मला सही येत होती, मास्तर. मराठी तिसरीपर्यंत शिकलो होतो. पण इंग्रजी कागदावर मराठी सही केली तर हसतील, म्हणून मी अंगठा दिला होता. त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या घरात इंग्रजी कागद वाचणारा माणूस झाला पाहिजे. ही माझी राहून गेलेली हौस होती का? असेल. तुमची रीत बरोबरच होती. म्हणून तर राग येतो.

तुमचा पहिला शब्द मला पाठ आहे. "वसंताला मुंबईला यंत्रशाळेत घाल. त्याच्या बोटांत अक्कल आहे. इंग्रजी शाळेत घातलास तर ती बोटं वाया जातील आणि डोक्यालाही काही मिळणार नाही."

पहिला शब्द! मी व्यापारी माणूस. मी तो पहिला शब्द म्हणूनच धरला.

आठ दिवस मी तयारी केली. तुम्हाला काय हवंय ते शोधलं. शोधायला लांब जावं लागलं नाही. गावोगावची अकरा मुलं तुमच्या ओटीवर झोपत होती, आणि पावसाळा तोंडावर होता. घरमालकाने तुम्हाला सांगितलं होतं की ही सगळ्या जातींची धर्मशाळा मला माझ्या घरात नको. गावात जागा द्यायला कोणी तयार नव्हतं. भाट्याच्या वाटेवरची माझी आंब्याची वखार मोसम संपल्यावर रिकामी पडत होती.

त्या रविवारी मुलं विहिरीवर गेली होती. वसंताही त्यांच्यात होता, अडलेला रहाट दुरुस्त करत बसला होता. ओटीवर आपण दोघेच. मी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि आपल्या दोघांच्या हातांवर टाकलं.

"हे काय रे नारोबा?"

"सौदा. इंग्रजी शाळेची वर्षं. द्या हात."

तुम्हाला मजा वाटली. लहान मुलासारखा हात पुढे केलात. खडूने कोरडी पडलेली बोटं होती तुमची. मी तुमची पाचही बोटं धरली. तुम्ही हसत हसत माझं एक बोट धरलंत. म्हणजे, फार तर एक वर्ष बघू. मी चार धरली, आणि तोंडाने म्हणालो, "वखार तुमच्या पोरांना. भाडं नको. मी जिता आहे तोवर."

उपरण्याखाली तुमचा हात थांबला. तो किती वेळ थांबला होता ते मला आजही सांगता येईल, कारण सौद्यात समोरचा हात थांबला की आपण जिंकलो हे मला कळतं. विहिरीवर कोणीतरी मोठ्याने हसलं. तुम्ही तिकडे पाहिलंत. आणि मग तुम्ही माझी चार बोटं धरलीत.

हात बाहेर काढून तुम्ही धोतराला पुसलात. मी ते पाहिलं. वसंताला हाक मारलीत. तो ओल्या हातांनी आला, तोंडभर हसत. रहाट बंद पडला होता तो त्याने चालू केला होता.

"वसंता, इंग्रजी शाळेत जा. तुला जमेल."

बोलताना तुम्ही त्याच्याकडे बघत नव्हतात. माझ्याकडेही नाही. पण वसंताला ते कुठे कळायला? त्याने यंत्रशाळेचं नाव सुद्धा ऐकलं नव्हतं, कारण तुम्ही ते मला एकट्याला सांगितलं होतं. तो वाकून तुमच्या पाया पडला.

ही ती फसवणूक. मी मागणारच होतो, मास्तर. मागणं माझं काम. मी गाढवाकडूनही सवलत मागतो. नाही म्हणणं तुमचं काम होतं. आख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस असा होता की ज्याचा भाव कमी होत नाही, आणि तो माझ्यापुढे कमी झाला. माझ्या पोराच्या वेळी.

वसंता इंग्रजी शाळेत गेला. मिसरूड फुटायला आलेला पोरगा चिल्ल्यापिल्ल्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसला. दिवसभर पाठ करायचा, आणि सकाळी सगळं गेलेलं असायचं. कसाबसा मॅट्रिकपर्यंत पोचला. पहिल्यांदा नापास झाला तेव्हा मी शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा झाला तेव्हा मारायला उठलो, तर तो समोर नुसता उभा राहिला, हात खाली सोडून. त्याची आई मध्ये पडली नसती तर मी मारलंही असतं. तिसऱ्यांदा झाला तेव्हा मी त्याला दुकानात बसवलं. दुसऱ्या नापासानंतर त्याने हत्यारांना हात लावणं सोडलं. वखारीतल्या बोर्डिंगचाही रहाट अडला, मुलं बोलवायला आली, तर म्हणाला, "मला नाही जमत. दुसऱ्या कोणाला तरी बघा." मी आतल्या खोलीतून ऐकलं. जे त्याला येत होतं ते पण गेलं.

आता तो दुकानात बसतो. कुंचल्याने पेट्यांवर पत्ते लिहितो. अक्षर सुरेख आहे. इंग्रजीतही लिहितो.

आणि वखारीतून दर साली पोरं बाहेर पडत राहिली. कोणी मास्तर, कोणी तलाठी, कोणी गिरणीवर जॉबर. पास झाला की पोरगा पेढे घेऊन दुकानात यायचा, आधी माझ्या पाया पडायचा, मग वसंताच्या हातात पेढा द्यायचा. वसंता तो खायचा. प्रत्येक वेळी खायचा.

तुम्हाला हे दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या नापासानंतर तुम्ही दुकानात आलात. वसंता कुठे वसुलीला गेला होता. तुम्ही आंब्याचा भाव विचारलात. मी सांगितला, खरा सांगितला, तुम्हाला कधीचाच खरा सांगत होतो. आणि तुम्ही भाव करायला लागलात! "जरा जास्त वाटतो, नारोबा. थोडा कमी कर." आयुष्यात पहिल्यांदा. करताही येत नव्हता धड. एक फळ उचलायचं, ठेवायचं, पुन्हा तेच उचलायचं. तुम्हाला आंबे नको होते हे मला पहिल्या शब्दालाच कळलं. तुम्हाला दुकानात थांबायला निमित्त हवं होतं.

शेवटी म्हणालात, "वसंताशी मला एकदा बोललं पाहिजे. त्या दिवशीचं."

आणि मी काय म्हणालो ते आता लिहितो. हे लिहिलं नाही तर वरचं सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "वसंताचं बोलायचं असेल तर मग वखारीचंही बोलावं लागेल, मास्तर."

तुम्ही हातातलं फळ ठेवलंत. छत्री घेतलीत. "बरं," म्हणालात आणि गेलात. तुमच्या त्या 'बरं'चा मला किती राग आला सांगू! भांडायला हवं होतंत. घे तुझी वखार, घाल चुलीत, असं म्हणायला हवं होतंत. मी वखार काढून घेतली नसती, मास्तर. देवाशपथ नसती घेतली. ती नुसती पहिली बोली होती. पण तुम्ही माणसाचा पहिला शब्द खरा धरायचात.

त्यानंतर आपण शंभर वेळा भेटलो असू. बोर्डिंगात चुली किती असाव्यात यावर आपण वर्षभर भांडलो. मी म्हणायचो जातवार तीन, नाहीतर माझ्याशी व्यापारी व्यवहार तोडतील. तुम्ही म्हणायचात एक. शेवटी लाकूडफाटा महागल्यावर मीच एक केली आणि तुम्ही म्हणालात, "तुला धर्म कळत नाही, पण सरपण कळतं." आपण किती हसलो होतो. त्या हसण्यातही वसंताचं नाव निघालं नाही. तो विषय आला की तुम्ही खाडीकडे बघायचात आणि मी गिऱ्हाइकाला हाक मारायचो.

तुम्हाला अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं तेव्हा मी वसंताला म्हटलं, चल. का म्हटलं ते मलाही ठाऊक नव्हतं. भर दुपार होती. खोलीत तुम्ही खाटेवर, अंगावर घोंगडी, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं गेलेलं. वसंता पायाशी बसला. मी उशाशी. आणि मला एकच भाषा सुचली. मी घोंगडीखाली हात घालून तुमचा डावा हात शोधला आणि बोटं धरली. मला विचारायचं होतं, आता काय करू याचं? वय झालं का? यंत्रशाळा अजून घेईल का? किती वर्षं? सांगा, कितीही बोटं धरा, मी कमी करायला सांगणार नाही.

तुम्ही तुमचा हात माझ्या हातातून ओढून घेतलात. त्या अवस्थेत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. घोंगडीच्या आतून तो हात फरफटत बाहेर काढलात, उजेडात, आणि वसंताच्या बाजूला उघडा टाकलात. तळवा वर. डोळे त्याच्याकडे. त्या दिवशी ओटीवर जे डोळे त्याच्याकडे वळले नव्हते ते.

वसंताला वाटलं तुम्हाला पाणी हवंय. तो भांडं आणायला उठला.

मला कळलं होतं तुम्हाला काय म्हणायचंय. झाकून काही नको, याला सांग, याला विचार. मला सांगता आलं असतं. खोलीत आपण तिघेच होतो. वसंता भांडं घेऊन आला, तुमच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं, सांडलेलं पुसलं, आणि मी म्हणालो, "चल, दुकान उघडं आहे." चार दिवसांनी तुम्ही गेलात.

स्मशानात गर्दी मावत नव्हती. खाली वाळूत शिवराम उभा होता, लांब, सवयीने. हुसेन त्याला हाताला धरून पुढे घेऊन आला, आणि भटजी काही बोलला नाही. मी त्याला बोलू दिलंही नसतं. वसंताने खांदा दिला. परत येताना भाट्याच्या वाटेवर, वखारीच्या समोर आलो तेव्हा तो थांबला. आत पोरं रडत होती.

"बाबा," तो म्हणाला, "मास्तरांचा अंदाज कोणाच्याच बाबतीत चुकला नाही. ते म्हणाले होते मला जमेल. मग माझ्यातच काहीतरी खोट असणार ना?"

आठ वर्षं हे पोर हे पोटात घेऊन फिरत होतं, मास्तर. मला वाटत होतं त्याला नापास झाल्याचं दुःख आहे. त्याला दुःख होतं ते तुम्हाला खोटं पाडल्याचं. तुमच्यासारख्या माणसाने विश्वास टाकला आणि आपण त्याला लायक निघालो नाही, म्हणून तो मान खाली घालून पेट्या रंगवत होता. आणि तुमचा तो विश्वास माझ्या वखारीच्या बदल्यात मिळालेला होता.

मी बाजारात कोणालाही उत्तर देतो. मुंबईच्या दलालांची तोंडं मी बंद केली आहेत. माझ्या पोराने विचारलं आणि मी म्हणालो, "ऊन चढलंय, घरी चल."

म्हणून लिहायला बसलो. हा कागद आधी वसंता वाचील, मग तुमची मुलं. वसंता, मास्तरांचा अंदाज तुझ्याही बाबतीत चुकला नव्हता. त्यांचा पहिला शब्द होता यंत्रशाळा. तुझ्या बोटांत अक्कल आहे, असं ते म्हणाले होते. ते मी तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही. नंतर ते स्वतः सांगायला आले, तेव्हा मी त्यांना वखारीचा धाक घातला. माझ्या वाटणीचं उत्तर हे एवढं आहे. तुला शिव्या द्यायच्या असतील तर दे, दुकानात दे, गिऱ्हाइकांसमोर दे. तुला मारली होती तीही तिथेच.

वखार मुलांकडेच राहील. ती कोणी काढून घेणार नाही, मी मेल्यावरही नाही. त्याचा आणि वसंताचा आता काही संबंध नाही, असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण अकरा पोरांना कोरडी जागा मिळाली ती त्याच्या जिवावर, आणि त्यानंतर आलेल्या सगळ्यांनाही. ही चोपडी छापणाऱ्यांनो, तुम्ही जे झालात ते तुमच्या हुशारीने झालात हे खरं. पण कोणाच्या जागेत झोपून झालात ते आता तुम्हाला कळलं. माझ्या पाया पडायचात ते चुकीच्या माणसाच्या.

मास्तर, तुमच्यावर माझं किती होतं ते मी इथे लिहिणार नाही, मला येत नाही. तुम्ही गेल्यापासून बाजारात मला नारोबा म्हणणारं कोणी राहिलं नाही, एवढंच सांगतो. पण उपरण्याखाली हात दोन होते. माझ्या हाताने काय केलं ते मी लिहिलं. तुम्ही माझी चार बोटं धरलीत तेव्हा तुमच्या मनात काय होतं? अकरा पोरांपुढे एक पोरगा कमी भरला का? की तुम्हाला वाटलं, शेटचा पोरगा आहे, याचं कसंही निभेल? विहिरीकडे बघितलंत तेव्हा तुम्हाला ती सगळी मुलं दिसली, की त्यांच्यात रहाट दुरुस्त करणारा एक दिसला आणि तरीही तुम्ही बोटं धरलीत? वसंता मला हे विचारणार, आणि मला ते ठाऊक नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचं काय करायचं ते तुम्ही सांगत आलात. माझ्या पोराला 'तुला जमेल' का म्हणालात, तेवढं सांगा. मी भाव करणार नाही. तुमचा पहिला शब्द मी खरा धरीन. उत्तर द्या, मास्तर.